थंगच्या राजाचा प्रश्न

तंजावरहून पट्टुक्कोट्टैच्या रस्त्याने वीस-बावीस किलोमीटर गेले की ओरत्तनाडु येते. दोन्ही बाजूंना भातखाचरे, अधूनमधून नारळाच्या बागा, आणि मग एकदम बाजार, खताची दुकाने, बसस्थानकाचा गलबला. या गावाचे जुने नाव मुक्तांबाळपुरम. ते आता जुन्या कागदांत आणि एका इमारतीच्या नावात उरले आहे. ती इमारत म्हणजे मुक्तांबाळ छत्र. तिच्या दर्शनी जोत्यावर घोडे आणि हत्ती कोरलेले आहेत. सगळी वास्तू हा एक रथ आणि हे प्राणी तो ओढताहेत, अशी कल्पना. मी पाहिले तेव्हा रथ बराच थकलेला होता. चुना निघालेला, भेगांत पिंपळाची रोपे.

तंजावरच्या भोसल्यांपैकी दुसरे सरफोजी राजे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी हे छत्र बांधले. मुक्तांबाळ ही त्यांची लग्नाची राणी नव्हती. जाताना तिने ‘माझ्या नावाने एक छत्र घाला’ एवढेच मागितले, असे सांगतात. वाट रामेश्वरची असल्यामुळे यात्रेकरूंची वर्दळ होतीच. तंजावरकरांची बरीच छत्रे अशी बायकांच्या नावाने आहेत. नीडामंगलमचे यमुनांबाळ छत्र हे त्यांतलेच.

याच रस्त्याने पुढे समुद्रापर्यंत गेले की मल्लिपट्टिनमजवळ याच राजाने बांधलेली दुसरी वास्तू दिसते. तिला मनोरा म्हणतात. आठ मजली, षट्कोनी. नेपोलियनवर इंग्रजांनी मिळवलेल्या विजयाचे ते स्मारक आहे. इंग्रजी, मराठी, तमिळ, तेलुगू आणि फारसी वळणाच्या लिपीत अशा पाच भाषांतून तिथल्या दगडावर सांगितले आहे की, इंग्रज राष्ट्राचे मित्र आणि दोस्त सरफोजी महाराज यांनी बोनापार्टच्या पाडावाप्रीत्यर्थ हा स्तंभ उभारला. साल १८१४. म्हणजे वॉटर्लूच्याही आधीचे. नेपोलियन शेवटचा पडायच्या आत तंजावरच्या किनाऱ्यावर आनंद साजरा झाला होता.

मनोरा मी काही वर्षांपूर्वी पाहिला आणि मराठी माणसाला वाटेल तेच मला वाटले. लाज वाटली. शहाजीराजांचा वंश, आणि साता समुद्रापलीकडच्या दोन मल्लांपैकी एकाच्या विजयाचा खांब आपल्या वाळूत रोवून बसला! नेपोलियनने तंजावरचे काय घोडे मारले होते? छत्र बघायचे तेव्हा राहून गेले होते. यंदा ते पाहिले, आणि लाजेचा तो निवाडा पुन्हा उघडावा लागला. त्याला एक कारण असे की, मधल्या काळात मी एका चिनी तत्त्वज्ञाचे पुस्तक वाचत होतो.

सध्या आपल्याकडे चीनविषयी बोलणे निघाले की ते सीमेवरून निघते आणि बाजारपेठेवर येऊन थांबते. सत्तेविषयी, मोठ्या देशांच्या चढाओढीविषयी चिनी माणूस स्वतः काय विचार करत आला आहे, हे विचारायला सवड नसते. मेन्सियस हा ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातला. तेव्हाचा चीन म्हणजे आपसांत लढणारी सात-आठ मोठी राज्ये आणि त्यांच्या फटींत जीव मुठीत धरून बसलेली लहान राज्ये. हा गृहस्थ राजदरबारांतून फिरे, राजांना चार खडे बोल सुनावी आणि मानाने निरोप घेई. त्याच्या ग्रंथात थंग नावाच्या एका चिमुकल्या राज्याचा राजा येतो. उत्तरेला छी, दक्षिणेला छू, दोन्ही बलाढ्य. राजा विचारतो, मी यांपैकी कुणाची चाकरी धरू?

मेन्सियस उत्तर देत नाही. हा सल्ला माझ्या आवाक्यातला नाही, असे तो सरळ सांगतो. फारच आग्रह असेल तर एकच सुचते म्हणतो. खंदक खोल कर, तट उंच कर आणि प्रजेसह तिथे उभा राहा. प्रजा मरायला तयार असेल आणि तुला सोडून जाणार नसेल, तर काही होऊ शकेल. राजाचे समाधान होत नाही. तो पुन्हा विचारतो, तिसऱ्यांदा विचारतो. मग मेन्सियस त्याला एका जुन्या राजाची गोष्ट सांगतो. त्याच्यावर रानटी टोळ्या चालून येत. त्याने कातडी दिली, रेशीम दिले, कुत्री, घोडे, मोती दिले, काही चालेना. तेव्हा तो लोकांना म्हणाला, त्यांना जमीन हवी आहे. ज्या जमिनीने माणसे पोसायची तिच्यापायी माणसांचा बळी कशाला? असे म्हणून तो निघून गेला, आणि लोक जत्रेला निघावे तसे त्याच्या मागोमाग गेले. दुसरे लोक मात्र म्हणतात, ही भूमी वाडवडिलांची आहे, ती टाकणे आपल्या हातात नाही, मरण आले तरी इथेच. या दोहोंतले काय ते निवड, असे सांगून मेन्सियस थांबतो.

जगातल्या राजनीतीच्या ग्रंथांत सल्लागाराने ‘मला ठाऊक नाही’ म्हटल्याची जागा सहसा सापडायची नाही. आपला चाणक्य असा अडत नाही. लहान राजाने बलवानाचा आश्रय कसा घ्यावा आणि मनातून कसे सावध राहावे, हे तो कलमवार सांगतो. मराठीतही रामचंद्रपंत अमात्यांची ‘आज्ञापत्र’ आहे. टोपीकर हे वरकड सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्या पाठीशी राज्ये आहेत, त्यांना जागा देताना जपून, हे अमात्यांनी अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लिहून ठेवले. त्याहून नेमके शहाणपण त्या काळात हिंदुस्थानात दुसऱ्या कुणाकडे होते असे मला वाटत नाही. पण ते जागा देऊ शकणाऱ्याचे शहाणपण आहे. ज्याच्या जागेवर दोघे आधीच येऊन बसले आहेत, त्याने काय करावे? तंजावर हे थंगच होते.

फार तपशिलात जात नाही, पण काही तारखा डोळ्यांसमोर असू द्याव्यात. तरंगमबाडीत डेन्मार्कचे लोक, नागपट्टिणमला डच, १७३९ पासून कारैक्कालला फ्रेंच. १७४९ मध्ये इंग्रजांनी पदच्युत सयाजीची बाजू घेतली, देवीकोट्टै पदरात पाडून घेतले आणि सयाजीला वाऱ्यावर सोडले. १७५८ मध्ये फ्रेंच सेनापती लाली तंजावरला वेढा घालून बसला. १७७१ मध्ये अर्काटचा नवाब कंपनीची फौज घेऊन आला. १७७३ मध्ये तो पुन्हा आला आणि राज्यच गिळले, तुळजाराजे कैदेत. १७७६ मध्ये कंपनीच्याच पिगट नावाच्या गव्हर्नराने राज्य परत दिले, तर त्याच्याच कौन्सिलाने त्याला अटक केली आणि तो नजरकैदेत मेला. १७८१ मध्ये हैदरअलीच्या फौजेने मुलूख उजाड केला. हैदरचे वैर इंग्रजांशी होते, पण जळाली ती कावेरीकाठची भातशेती. दोन रेडे झुंजतात तेव्हा मधल्या झाडाला कुणी विचारत नाही.

सरफोजी १७७७ साली जन्मलेले. दत्तक आले, गादीवर चुलते बसले, जिवाच्या भीतीने मिशनऱ्यांच्या आसऱ्याने मद्रासला राहिले आणि १७९८ मध्ये कंपनीच्या हाताने गादीवर आले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात श्रीरंगपट्टण पडले, टिपू मारला गेला. २५ ऑक्टोबर १७९९ रोजी सरफोजींनी तहावर सही केली. फौज, महसूल, न्याय, सगळे कंपनीकडे. राजाकडे तंजावरचा किल्ला, वर्षाला एक लाख स्टार पगोडा आणि निव्वळ उत्पन्नाचा पाचवा हिस्सा. आपण पुण्याचे लोक याला नाक मुरडतो खरे. पण पुण्यानेही वसईत कागदावर सही केली ती १८०२ च्या अखेरच्या दिवशी, म्हणजे तीनच वर्षांनी. दोघांत फरक असेल तर तो एवढाच की, तंजावरने नंतर लढण्याचा आव आणला नाही.

मेन्सियसकडे परत येतो, कारण त्याने लहान-मोठ्यांच्या नात्याविषयी आणखी एक गोष्ट सांगितली आहे. छीच्या राजाने विचारले, शेजारी राज्यांशी वागण्याची काही रीत आहे का? मेन्सियस म्हणाला, आहे. मोठा असून लहानाची सेवा करणे हे फक्त दयाळू राजाला जमते, आणि लहान असून मोठ्याची सेवा करणे हे फक्त शहाण्याला. क्रियापद दोन्हीकडे एकच आहे. लहानाने मोठ्यापुढे वाकावे हे जगात सगळेच सांगतात. मोठ्यानेही लहानाची सेवा करावी, आणि तिलाही तोच शब्द लावावा, हे सांगणारा दुसरा मला आठवत नाही. त्याने राज्यकर्त्यांचे दोन प्रकारही केले. एक वांग, म्हणजे खरा राजा, जो सद्गुणाने माणसे जिंकतो. दुसरा बा, म्हणजे बळाच्या जोरावर पुढारपण करणारा, वर दयेचा मुलामा देणारा. आणि एक मार्मिक शेरा असा की, बा व्हायला मोठे राज्य लागते, वांगला लागत नाही. थोर राजांनी सत्तर-शंभर ली एवढ्याशा भूमीवरून सुरुवात केली होती. ली म्हणजे जेमतेम अर्धा किलोमीटर.

हे ऐकून हसणारे असतील. असावेतच, कारण इतिहासात मेन्सियसचे कुणी ऐकले नाही. थंग बुडाले. ख्रिस्तपूर्व २२१ मध्ये चीन एक केला तो छिन राज्याने. कडक कायदा, कडक सैन्य आणि सद्गुणाच्या गप्पांचा तिटकारा यांच्या जोरावर. पुढच्या दोन हजार वर्षांत चिनी दरबार मेन्सियसची भाषा बोलला आणि बहुतेक वेळा छिनसारखा वागला, असे म्हणणारे अभ्यासक आहेत आणि त्यांच्या हाती पुरावा कमी नाही. त्यांतला एक तर तंजावरच्या दारातलाच आहे.

बृहदीश्वराच्या भिंतीवर राजेंद्र चोळाचा लेख आहे. समुद्रापार गलबते पाठवून आपण श्रीविजयाच्या राजाला पकडले, कडारम जिंकले, असे त्यात अभिमानाने सांगितले आहे. स्वारी १०२५ च्या सुमाराची. याच चोळांचे वकील चीनच्या सुंग दरबारात जात. १०७७ मध्ये ७२ जणांचे मंडळ गेले होते. पण सुंग दरबाराच्या वहीत चोळ हे श्रीविजयाचे अंकित म्हणून नोंदलेले होते! ११०६ मध्ये ब्रह्मदेशातल्या पगानचे वकील आले, तेव्हा बादशहाने हुकूम केला की, यांचा सत्कार चोळांच्या वकिलांसारखा करा. त्यावर दरबारी विधींच्या खात्याने हरकत घेतली. चोळ हे दुसऱ्याचे मांडलिक, म्हणून त्यांना आपण साध्या जाड कागदावर पत्र लिहिले होते; पगान मोठे राज्य आहे, त्यांना तसे कसे चालेल? कुणाला कोणता कागद, कुणाला कोणते वेष्टन, यावर जगाची उतरंड रचलेली होती. इकडे तंजावरात दगडावर विजय कोरलेला, तिकडे खात्यात हलका कागद. दोघेही आपापल्या जागी निर्धास्त.

तीच उतरंड डोक्यात घेऊन १७९३ मध्ये छियानलुंग बादशहाने इंग्लंडच्या राजाला उत्तर पाठवले. मकार्टनी नावाचा वकील दुर्बिणी, घड्याळे, ग्रहमालेचे यंत्र असे काय काय घेऊन गेला होता. आमच्याकडे सगळे आहे, तुमच्या वस्तूंची आम्हांला गरज नाही, असा त्या उत्तराचा आशय. साधारण त्याच दिवसांत पंधरा-सोळा वर्षांचा सरफोजी मद्रासेत पाद्र्यांकडे इंग्रजी शिकत होता. पुढे याच माणसाने दुर्बिणी, विजेची यंत्रे, शरीरशास्त्राची पुस्तके, छापखाना हे सगळे हौसेने जमवले. त्याच्या नावावर ‘देवेंद्र कुरवंजी’ नावाचे मराठी नाटक आहे. त्यात भविष्य सांगणारी कुरवंजी भविष्याऐवजी पृथ्वीचा भूगोल सांगते, खंडे आणि देश मोजून दाखवते. राज्य गेलेल्या राजाला जगाचा नकाशा पाठ करावासा वाटला, आणि ज्याच्याकडे जगातले सगळ्यात मोठे राज्य होते त्याला नकाशा बघायची गरज वाटली नाही.

गोष्ट इथे संपली असती तर ‘शिकणारा तरला, गर्विष्ठ बुडाला’ असे सोयीचे तात्पर्य निघाले असते. तसे ते निघत नाही. बुडाले दोघेही. १८४२ मध्ये नानजिंगच्या तहाने चीनचा गर्व उतरला. १८५५ मध्ये सरफोजींचे पुत्र शिवाजी औरस मुलाविना वारले आणि कंपनीने तंजावर खालसा केले. स्तंभ उभारणाऱ्या दोस्ताचे घराणे एक्केचाळीस वर्षांत संपले. १८६० मध्ये इंग्रज आणि फ्रेंच फौजांनी पेकिंगजवळचा बादशाही उन्हाळी महाल लुटला आणि पुढे जाळला. तिथे मकार्टनीने आणलेल्या भेटी धूळ खात पडलेल्या सापडल्या.

आणि या कथेत आपण निव्वळ प्रेक्षक नाही. चीन ज्याला अपमानाचे शतक म्हणतो, त्याच्या मुळाशी अफू आहे. त्या अफूचा मोठा हिस्सा माळव्याचा, शिंदे-होळकरांच्या मुलखातला, आणि तो मुंबई बंदरातून गेला. दक्षिण मुंबईत ज्या जुन्या दगडी इमारतींचे आपण कौतुक करतो, त्यांतल्या काहींच्या पायात तो पैसा आहे. मे १८४१ मध्ये कँटनजवळ सानयुआनली इथे गावकऱ्यांनी इंग्रजांच्या एका तुकडीला मुसळधार पावसात गाठले. बंदुका भिजून निकामी झालेल्या. चीनमध्ये ही लढाई शाळेत शिकवतात. तिथे स्मारक आहे. वेढ्यात सापडलेली ती तुकडी सदतिसाव्या मद्रास नेटिव्ह इन्फन्ट्रीची होती. चिनी गावकऱ्यांच्या आठवणीतले ते ‘इंग्रज’ मद्रास इलाख्यातले शिपाई होते. थंगची प्रजा छूच्या फौजेत जाऊन तिसऱ्याच्या गावावर चालून गेली, त्याचा हा दाखला. मोठ्याच्या सावलीत उभा असलेला लहान दुसऱ्या कुणासाठी मोठाच असतो.

अपमानाचे काय करायचे, याची दोन उत्तरे मग समोर येतात. चीनने उन्हाळी महालाचे अवशेष तसेच ठेवले आहेत. मुलांच्या सहली तिथे नेतात. विसरू नका, हा धडा. सरफोजींनी जेत्याच्या जयाचा मनोरा बांधला. पहिल्यात ताठा आहे, दुसऱ्यात लोचटपणा, असे मला पूर्वी वाटे. आता पहिल्याचीही भीती वाटते. जखम जपून ठेवणारा माणूस बलवान झाला की पुढे काय करील?

चिनी नेत्यांनी याचे उत्तर दिलेले आहे, आणि ते नीट ऐकण्यासारखे आहे. सन यत्-सेन १९२४ मध्ये जपानात कोबेला बोलले. त्यांनी मेन्सियसचेच दोन शब्द वापरून जपानला विचारले, तुम्ही पश्चिमेच्या बळाच्या मार्गाचे राखणदार होणार की पूर्वेच्या धर्ममार्गाचे? जपानने तेरा वर्षांत उत्तर दिले. त्या युद्धात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चिनी जखमींची शुश्रूषा करता करता डिसेंबर १९४२ मध्ये तिकडेच वारले. गुलाम देशातून गेलेला डॉक्टर. ‘सेवा’ या शब्दाला तिथे लहान-मोठे काही चिकटलेले नव्हते. मग १९७२-७३ मध्ये माओने घोषणा दिली : भुयारे खोल खणा, धान्य साठवा, आणि ‘बा’ होऊ नका. आणि १० एप्रिल १९७४ रोजी डेंग झियाओपिंग संयुक्त राष्ट्रांत म्हणाले की, चीन महासत्ता नाही आणि होणारही नाही. उद्या चीनचा रंग बदलला, तो दुसऱ्यांवर दादागिरी करू लागला, तर जगाच्या लोकांनी त्याचे पितळ उघडे पाडावे, त्याला विरोध करावा आणि चिनी जनतेबरोबर मिळून त्याला खाली खेचावे.

हे बोलणे १९६२ च्या बारा वर्षांनंतरचे. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य ऐकत जी पिढी वाढली तिला यात ढोंगाशिवाय काही दिसणार नाही. २०१० च्या जुलैमध्ये हनोईला दक्षिण चिनी समुद्रावरून वाद झाला, तेव्हा चीनचे परराष्ट्रमंत्री म्हणाले की, चीन मोठा देश आहे आणि इतर देश लहान आहेत, ही वस्तुस्थिती आहे. यात खोटे काय होते? अक्षरही नाही. पण मेन्सियसचे क्रियापद त्यातून गळून पडले होते.

ढोंग जुने आहे. श्रीलंकेत गाल्ल इथे १९११ मध्ये एक शिळा सापडली. झेंग हे या चिनी आरमारप्रमुखाची, १४०९ ची. चिनी, तमिळ आणि फारसी असे तीन भाषांतले लेख. चिनीत बुद्धाला, तमिळमध्ये तेनवरै नायनार या विष्णुरूपाला आणि फारसीत अल्लाला नजराणे वाहिल्याची नोंद आहे. प्रत्येकाला त्याच्या भाषेत, त्याच्या देवाच्या नावाने नमस्कार. यापेक्षा सभ्य सत्ता कोणती असणार? पण त्यानंतर लवकरच याच आरमाराने तिथला राजा अलकेश्वर याला पकडून नानजिंगला नेले. बादशहाने मग त्याला उदार मनाने सोडून दिले, हा आणखी एक नमस्कार. मनोऱ्याच्या पाच भाषा पाहताना मला गाल्लच्या तीन भाषा आठवतात. एका दगडावर मोठा लहानांशी बोलतो आहे, दुसऱ्यावर लहान मोठ्याशी. दोघांनाही भाषांची कदर आहे, आणि दोघेही पूर्ण सत्य सांगत नाहीत.

मग सद्गुणाची भाषा टाकूनच द्यावी का? वास्तववादी म्हणवणारे लोक तसेच सांगतात. बळ हेच खरे, बाकी गिलावा. मला ते पटत नाही, आणि कारण भाबडे नाही. डेंगने जे बोलून ठेवले आहे ते चीनच्या शेजाऱ्यांच्या हातात आजही आहे. व्हिएतनामी किंवा फिलिपिनो माणूस त्या वाक्यावर बोट ठेवू शकतो. ज्याने काही कबूलच केले नाही त्याला कशावर धरणार? मेन्सियसनंतरच्या शुन्झीने तीन पायऱ्या केल्या होत्या. खरा राजा माणसे मिळवतो, पुढारी मित्र मिळवतो, नुसता बलवान जमीन मिळवतो. आजच्या चिनी अभ्यासकांपैकी यान श्युएतुंग यांनी हाच धागा पकडून लिहिले आहे की, चीनला अमेरिकेशी स्पर्धा करायची तर ती नैतिक पुढारपणात करावी लागेल, कारण मित्र पैशाने फार दिवस टिकत नाहीत. त्यांचे तिथे किती ऐकतात ते बाजूला ठेवू. मोठ्या देशातला माणूस आपल्याच देशाला या मापाने मोजतो, हे मला मोलाचे वाटते. आपल्याकडे हे माप लावायला कुणी बसलेले दिसत नाही. २०१५ मध्ये नेपाळच्या सीमेवर ट्रक अडले, काठमांडूत गॅस मिळेनासा झाला, तेव्हा आपल्यातल्या किती जणांना आपण छी किंवा छू आहोत असे वाटले? आणि त्याही मागे जायचे तर बंगालात आया मुलांना बर्गी येतील म्हणून झोपवत. तो बागुलबुवा मराठी बोलत असे.

आता छत्राकडे येतो, कारण ज्या गोष्टीने माझा निवाडा हलवला ती तिथेच आहे.

१८०१ मध्ये सरफोजींनी तंजावरचा रेसिडेंट बेंजामिन टोरिन याला एक लांब पत्र लिहिले. मुलूख कंपनीकडे गेला होता, आणि छत्रांना तोडून दिलेली गावेही त्याबरोबर जातील अशी धास्ती होती. छत्रे माझ्याच हातात राहू द्या, एवढेच पत्राचे मागणे. आणि मग छत्रांत काय चालते त्याचे वर्णन आहे. ते राजाने लिहिलेले आहे, पण कोठीवाल्याच्या नजरेने. ब्राह्मणापासून परयापर्यंत, जोगी-जंगमांपासून कुणीही वाटसरू येवो, त्याला शिजवलेला भात. ज्याला शिजवलेला चालत नाही त्याला कोरडा शिधा. तान्ह्या मुलांना दूध. गर्भार बाईला कळा लागल्या तर घरच्यासारखी काळजी आणि औषधपाणी. आजाऱ्याला बरा होईपर्यंत ठेवून घ्यायचे. साप-विंचू उतरवणारा वैद्य. परक्यांच्या अनाथ पोरांना पंतोजींच्या हवाली करायचे, तीन वेळा जेवू घालायचे, चार दिवसांनी एकदा तेल लावून न्हाऊ घालायचे, ज्या विद्येत गोडी दिसेल ती शिकवायची आणि पुढे लग्नाचा खर्चही द्यायचा. जेवणे मध्यरात्रीपर्यंत चालत. मग घंटा वाजे आणि पुकारा होई : अजून कुणी उपाशी असेल तर या. काशीपासून रामेश्वरपर्यंत तंजावरचे नाव आहे ते यामुळे, आणि माझ्या पदाचा सगळ्यात मानाचा भाग हाच, असे राजा रेसिडेंटला सांगतो.

फौजेसाठी, महसुलासाठी, न्यायासनासाठी या माणसाने असे पत्र लिहिल्याचे मला माहीत नाही. मराठीत ‘छत्र’ शब्दाचे दोन अर्थ एकमेकांना खेटून बसले आहेत. एक राजाच्या डोक्यावरचे, ज्यावरून छत्रपती. दुसरे अन्नछत्रातले, जे मूळचे सत्र, तमिळमध्ये सत्तिरम. सरफोजींनी पहिले सोडले आणि दुसरे धरून ठेवले. मेन्सियसने थंगच्या राजापुढे दोनच वाटा ठेवल्या होत्या, निघून जा किंवा मर. ही तिसरी त्याला सुचली नसावी : राहा, वाक, आणि मुदपाकखान्याची किल्ली मात्र देऊ नकोस. वांग व्हायला मोठे राज्य लागत नाही, असे तो म्हणाला होता. राज्य मुळीच नसले तर, हे त्याला कुणी विचारले नव्हते.

इथे सरफोजींना साधू करून टाकण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा. छत्रातला भात आकाशातून पडत नव्हता. तो तोडून दिलेल्या गावांतून येई, आणि त्या गावांच्या खाचरांत चिखलात उभी असणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या मिरासदारांची बांधील होती. परयाला भात मिळे. कुठल्या पंगतीला, कुठल्या ओसरीच्या बाहेर, हे पत्र सांगत नाही आणि सांगायची गरजही त्या काळी कुणाला वाटली नसती. मोठ्याने लहानाची सेवा करावी हे सूत्र दोन राज्यांत लावायचे आणि बांधाच्या दोन बाजूंना लावायचे नाही, हा जुना आजार आहे. चिनी नाही, आपला. जुन्या तंजावर जिल्ह्यातच कीळवेण्मणी आहे. तिथे २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री, मजुरी वाढवून मागणाऱ्या शेतमजुरांच्या वस्तीवर हल्ला झाला आणि झोपडीत आसरा घेतलेली ४४ दलित माणसे, बहुतेक बायका आणि मुले, जाळली गेली. मागणी काही माप जादा भाताची होती.

हे लक्षात ठेवूनही मी मनोऱ्याचा निवाडा थोडा बदलतो. तो खांब खोटा आहे, पण ती खोटी पावती कशाबद्दल दिली गेली ते आता दिसते. तिच्या मोबदल्यात काय वाचले हे छत्राच्या जोत्यावर बसून मोजता येते : इतके यात्रेकरू, इतकी बाळंतपणे, इतकी पोरे. कंपनीने टोरिनमार्फत छत्रे राजाकडे राहू दिली, आणि सरफोजी १८३२ मध्ये वारले तोवर ती चालली. ही किंमत योग्य होती का, हे ज्या बाईचे बाळंतपण तिथे झाले तिला विचारायला हवे. आणि त्या भातासाठी ज्याचा खंड वसूल झाला त्यालाही. दोघांचे उत्तर एक येईलच असे नाही.

छत्रासमोर एक चहाची टपरी आहे. टपरीवाल्याने माझे तोडकेमोडके तमिळ ऐकून गाव विचारले. मी महाराष्ट्र म्हटले. त्याने मानेनेच इमारतीकडे खूण केली, जणू एखाद्या नातेवाइकाच्या घरी आलेल्याला दार दाखवावे. मग चहाचा पेला हातात देत म्हणाला, जेवलात का? या भागात वेळ विचारावी तसे हे विचारतात, उत्तराची फारशी वाट न पाहता. मी नाही म्हटले. त्याने पलीकडच्या खाणावळीकडे बोट दाखवले आणि तिथे अडीचनंतर भात संपतो, लवकर जा, असे सांगितले.